पदरांमधून शिरणारं चुंबकत्व

दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे सांगलीजवळच्या गावी गेले तेव्हा पिशवीत एक काळी चकती नेली होती. रुपयाच्या नाण्याएवढी, पण जाड; इट्रियम, बेरियम, तांबं आणि प्राणवायू यांच्या संयुगाची. गावातल्या दूध संस्थेच्या कृत्रिम रेतन केंद्रात द्रव नायट्रोजनचा कॅन असतोच. ओळखीने थोडा नायट्रोजन मिळाला, तो झाकण सैल ठेवलेल्या भांड्यातून घरी आणला.

अंगणात थर्मोकोलच्या वाटीत चकती ठेवली, तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि पुठ्ठ्यावर छोटं निओडायमियम चुंबक. नायट्रोजन ओतला तशी जोराची उकळी फुटली, पांढरी वाफ वाटीच्या काठावरून जमिनीवर उतरू लागली. उकळी निवाल्यावर मी पुठ्ठा ओढून घेतला. चुंबक होतं तिथेच, अधांतरी राहिलं. पोरांनी एकच गलका केला. मग प्लॅस्टिकच्या चिमट्यात ते चुंबक धरून मी वर उचललं, आणि त्याच्याखाली तेवढंच अंतर राखून ती काळी चकतीसुद्धा वाटीतून वर आली. मध्ये काहीही नाही, तरी लोंबकळत राहिली. थोड्या वेळात ती गरम झाली, सुटली आणि टपकन वाटीत पडली.

मामा विद्युत मंडळात रोहित्र दुरुस्तीत अख्खी नोकरी करून निवृत्त झालेले. आसपासच्या गावांतल्या जळालेल्या डीप्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पोरं पांगल्यावर ते म्हणाले, "मघाशी तू काय सांगितलंस? हा पदार्थ थंड झाला की चुंबकीय क्षेत्राला आत येऊ देत नाही, बाहेर ढकलतो, म्हणून चुंबक तरंगतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग ढकलणारी वस्तू चुंबकाला लोंबकळेल कशी? ती तर खाली पडायला हवी."

मी पोरांना सांगितलं ते अर्धंच होतं, आणि तेवढंच अर्धं मी कित्येक वर्षं वर्गातही सांगत आले आहे. चकती लोंबकळते, कारण क्षेत्र तिच्या आत शिरलेलं असतं आणि शिरून अडकलेलं असतं. हे सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा पडला. त्यांनी ओसरीवरची खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे दार बंद आहे म्हणायचं आणि चोर आत. मग ह्याला अतिसंवाहक का म्हणायचं? मी शिकलो तेव्हा दोनच खुणा होत्या. रोध शून्य आणि आत क्षेत्र शून्य."

"त्या खुणा शुद्ध धातूंच्या, मामा. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओन्नेसने पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध नाहीसा झाला. १९३३ मध्ये बर्लिनला माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवलं की थंड होताना धातू आतलं क्षेत्र बाहेर टाकतो. तेही पूर्ण नाही. पृष्ठभागाजवळ एक पातळ साल असते, तिच्यात क्षेत्र हळूहळू विरत जातं. शिशात ही साल जेमतेम ०.०४ मायक्रॉनची. १९३५ मध्ये लंडन बंधूंनी तिचं गणित मांडलं. क्षेत्राला अडवणारा प्रवाह ह्याच सालीतून वाहतो."

"साल चालेल. रोहित्राच्या टाकीलाही रंगाचा थर असतो. आत शिरलं की मात्र वस्तू बिघडली."

"पण सगळं क्षेत्र बाहेर ठेवायची किंमत काय, ते बघा. ओन्नेसला १९१३ मध्येच अतिसंवाहक तारेचं वेटोळं करून एक लाख गॉसचं चुंबक बनवायचं होतं. शिशाच्या तारेचं वेटोळं केलं, आणि काही शे गॉसलाच अतिसंवाहकता मोडली. तारेने स्वतःच निर्माण केलेल्या क्षेत्रापुढे तिचा टिकाव लागला नाही. शुद्ध धातूचं दार घट्ट बंद असतं, पण जोर वाढला की ते दार भिंतीसकट कोसळतं."

मामा गप्प बसले. हा मुद्दा त्यांना पटला असावा, कारण ताण सहन न होणारी पोलादी वस्तू आणि थोडी वाकून टिकणारी वस्तू यांतला फरक त्यांना मी सांगायला नको.

"वाकणारी कुणाला सापडली?" त्यांनी विचारलं.

लेव्ह शुब्निकोव्हला, खारकीव्हमध्ये. १९३६-३७ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिशाच्या मिश्रधातूंचे एकसंध स्फटिक घेऊन मोजमाप केलं. क्षेत्र अगदी थोडं असतानाच आत शिरायला लागत होतं, आणि तरी रोध शून्यच राहत होता. अतिसंवाहकता मोडायला त्याहून कितीतरी पट मोठं क्षेत्र लागत होतं. हा निकाल स्वच्छ होता, पण त्याकडे जगाने लक्ष द्यायला वीस वर्षं गेली. ते बघायला शुब्निकोव्ह उरला नाही. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गोळ्या घातल्या. हे मी सांगितलं तेव्हा मामांनी त्याचं वय विचारलं. छत्तीस. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले.

अर्थ लावला तो अलेक्सेई अब्रिकोसोव्हने, मॉस्कोत, १९५७ मध्ये. त्याने दाखवलं की क्षेत्र अशा पदार्थात सरसकट पसरत नाही, धाग्याधाग्यांनी शिरतं. प्रत्येक धाग्याभोवती अतिसंवाहक प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो, आणि प्रत्येक भोवऱ्यात चुंबकत्वाचा माल अगदी ठरलेला: २.०७ × १०⁻¹⁵ वेबर. अर्धा भोवरा नाही, दीड भोवरा नाही. एक टेस्ला क्षेत्रात हे भोवरे एकमेकांपासून सुमारे ४९ नॅनोमीटरवर त्रिकोणी जाळीत उभे राहतात. साधं पृथ्वीचं क्षेत्र घेतलं आणि पदार्थाचा सपाट पत्रा त्याला काटकोनात धरून थंड केला, तरी प्रत्येक चौरस मिलिमीटरला वीस हजारांच्या आसपास भोवरे होतात.

"मोजता येतात?"

"दिसतात. १९६७ मध्ये जर्मनीत एस्मान आणि ट्रॉयब्ले यांनी शिशाच्या मिश्रधातूवर चुंबकीय धातूची अतिसूक्ष्म पूड बसवली. पूड भोवऱ्यांच्या तोंडाशी गोळा झाली, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची रांगोळी निघाली."

मामांचा खरा आक्षेप इथून सुरू झाला. तो अज्ञानातून आलेला नव्हता, म्हणून मी तो जसाच्या तसा देते.

"भोवरे आत आहेत, ठीक. आता तारेतून प्रवाह सोडला. चुंबकीय क्षेत्रात प्रवाह गेला की जोर लागणार, मोटर त्याच्यावरच चालते. म्हणजे भोवरे आडवे सरकणार. सरकलं की व्होल्टेज, व्होल्टेज आलं की उष्णता, आणि उष्णता आली की तुझा शून्य रोध गेला. मग मी म्हणतो ते बरोबर ना? आत शिरलेलं क्षेत्र म्हणजे शत्रूच."

"सरकलं तर. सरकू दिलं नाही तर नाही. धातूत मुद्दाम दोष ठेवतात, परक्या कणांच्या गाठी, ओढून तयार केलेल्या विस्कटलेल्या जागा. भोवरा तिथे अडकतो, खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा. मिरजेच्या दवाखान्यात तुमचा एमआरआय काढला, त्या यंत्राचं चुंबक बहुधा नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचंच असणार; बहुतेक यंत्रांत तीच असते. तिच्यात क्षेत्र आत शिरलेलंच असतं, नुसतं बांधून ठेवलेलं. ओन्नेसचं वेटोळं जिथे हरलं, तिथे हे टिकलं, ते आत घेतल्यामुळे."

"म्हणजे शत्रूला कोंडून ठेवला. मित्र नाही झाला."

ह्या वाक्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही, पण त्याला तोडही मला तेव्हा सुचली नाही.

एवढ्यात मामी चिरोट्यांचं ताट घेऊन आल्या. मी एक चिरोटा हातात घेतला आणि त्याचे पदर बोटाने सोडवून मामांना दाखवले, कारण आता पुढचं सांगायला तेच हवे होते. पोळ्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, गुंडाळी करून कापायची, लाटायची. तळताना साट्यामुळे पदर सुटतात, पण चिरोटा एकच राहतो.

१९८६ मध्ये झुरिकला बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना जे नवे अतिसंवाहक सापडले, ते असे चिरोटे आहेत. तांबं आणि प्राणवायू यांचे सपाट थर, त्यांच्यातून प्रवाह वाहतो. आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या ऑक्साइडांचा साटा, ज्यातून प्रवाह जवळजवळ जात नाही. माझ्या चकतीतलं इट्रियमचं संयुग पुढच्याच वर्षीचं, ९३ केल्विनला अतिसंवाहक होणारं. नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो म्हणून तर ती दूध संस्थेच्या कॅनवर चालते. १९८८ मध्ये जपानात बिस्मथची संयुगं सापडली, त्यांच्यात हे पदर आणखी सुटे. मी माझ्या संशोधनाची वर्षं ह्याच बिस्मथच्या स्फटिकांवर काढली. काळे, चकचकीत, नखाच्या तुकड्याएवढे. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून हलकेच ओढली की अभ्रकासारखा एक पापुद्रा निघून येतो आणि खाली आरशासारखा ताजा पृष्ठभाग मिळतो. श्वास रोखून करायचं काम. किती वेळा तरी सगळा स्फटिकच पट्टीला चिकटून आला आहे.

"आता ह्यात क्षेत्र कसं शिरेल?" मी मामांना विचारलं. "दोन वाटा आहेत. पदरांना काटकोनात, वरून खाली. नाहीतर पदरांना समांतर, बाजूने."

वरून येणारं क्षेत्र प्रत्येक प्रवाही थराला भोक पाडत जातं. पण थरांमधल्या साट्यात भोवरा नसतोच, कारण तिथे फिरायला प्रवाह नाही. म्हणजे धातूत जो अखंड दोरा होता, तो इथे सुट्या चकत्यांची चळत होतो. अमेरिकेत जॉन क्लेम यांनी १९९१ मध्ये ह्या चकत्यांचं गणित मांडलं. इंग्रजीत त्यांना पॅनकेक म्हणतात, मी माझ्या वर्गात धिरडी म्हणते. बिस्मथच्या संयुगात एका धिरड्यावरून दुसऱ्यावर जायला सुमारे दीड नॅनोमीटर. म्हणजे ३० मायक्रॉन जाडीच्या, केसापेक्षाही बारीक स्फटिकात एक भोवरा म्हणजे वीस हजार धिरड्यांची चळत. ती एकमेकांना चुंबकीय ओढीने आणि साट्यातून जाणाऱ्या थोड्याशा प्रवाहाने धरून असतात. थंडीत चळत सरळ उभी राहते. ऊब वाढली की धिरडी आपापल्या थरात इकडेतिकडे घसरायला लागतात.

"आणि खुंटी?" मामांनी लगेच धरलं. "दोरा एका जागी बांधला तर सगळा दोरा थांबतो. वीस हजार धिरडी असतील तर एकीला खुंटी मारून काय होणार?"

हा प्रश्न ऐकून मला खरोखर आनंद झाला, कारण बिस्मथच्या संयुगांचं दुखणं नेमकं हेच आहे. ७७ केल्विनला, नायट्रोजनमध्ये, रोध शून्य होतो खरा; पण थोडंसं क्षेत्र लावलं की धिरडी सुटतात, चळती विरघळतात आणि रोध परत येतो. विरघळतात हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. १९९५ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत झेल्डोव्ह आणि सहकाऱ्यांनी बिस्मथच्या स्फटिकावर सूक्ष्म संवेदक बसवून मोजलं, तेव्हा भोवऱ्यांची जाळी बर्फासारखी एका झटक्यात वितळते असं दिसलं. वितळल्यावर भोवरे जास्त दाटीने बसतात. बर्फापेक्षा पाणी दाट असतं तसं.

"मग तुम्ही लोकांनी १९८७ मध्ये काय सांगितलं होतं?" मामांचा आवाज थोडा चढला. "पेपरात आलं होतं. आता तारा नायट्रोजनवर चालणार, वीजगळती संपणार. आम्ही मंडळात कातरणं काढून ठेवली होती. मी रात्रीअपरात्री डीपीवर चढणारा माणूस, मला वाटलं आपल्या हयातीत होईल. आणि तुम्हाला माहीत होतं की पदर सुटे आहेत?"

ह्यावर मी बचाव केला नाही. माहीत नव्हतं, पण विचारायला हवं होतं. शोधाच्या आनंदात आमच्या विषयाने शब्द द्यायची घाई केली, आणि तो शब्द मामांसारख्या माणसांनी खरा मानला. ती चूक आमची आहे.

थोड्या वेळाने, चहा झाल्यावर, मीच दुसऱ्या वाटेकडे वळले. "बाजूने शिरणारं क्षेत्र अजून राहिलं. आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. रोहित्राची कोअर अखंड लोखंडाची का करत नाहीत?"

"हा काय प्रश्न झाला? अखंड केली तर आत भोवरी प्रवाह फिरतील, कोअर तापेल. म्हणून लॅमिनेशन. पाव मिलिमीटरच्या आसपासचे पत्रे, प्रत्येकावर इन्शुलेशनचा लेप. प्रवाहाला एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. कापताना पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, राहिली आणि दोन पत्रे एकमेकांना भिडले, तर तिथेच कोअर जळते. मी हाताने बोट फिरवून बर तपासायचो."

"आणि प्रवाह आडवा जाऊ शकला नाही की क्षेत्राचं काय होतं?"

मामा थांबले. मग सावकाश म्हणाले, "त्याला अडवायला कुणी राहत नाही. ते पत्र्यांना समांतर, आतपर्यंत जातं. तेच तर हवं असतं कोअरमध्ये."

"मग चिरोट्यातही तेच."

त्यांनी ताटातला चिरोटा उचलला आणि त्याच्या कडेकडे बघितलं. मी विषय शिकले पुस्तकातून. त्यांनी ह्या एका वाक्यात तो स्वतःच्या बोटांतून काढला होता. क्षेत्र पदरांना समांतर असेल, तर त्याला हाकलायला प्रवाहाचं वर्तुळ पुरं व्हावं लागतं, आणि वर्तुळ पुरं करायला प्रवाहाला पदर ओलांडावे लागतात. साट्यातून थोडा प्रवाह जातो, कारण इलेक्ट्रॉनांच्या अतिसंवाहक जोड्या पातळ अडथळा पार करू शकतात. हा जोसेफसनचा परिणाम. पण तो प्रवाह तुटपुंजा. जितका तुटपुंजा, तितकं क्षेत्र बाजूने खोल. वरून येणाऱ्या क्षेत्राची साल बिस्मथमध्ये सुमारे ०.२ मायक्रॉन, बाजूने शिरणाऱ्याची शंभर मायक्रॉन आणि त्याहूनही जास्त. आणि हे क्षेत्र एकाही प्रवाही थराला भोक पाडत नाही. दोन थरांच्या मधोमध, साट्यात बसतं, लांबट आणि चपटं. ह्या भोवऱ्याला जोसेफसन भोवरा म्हणतात.

"म्हणजे बाजूने शिरलेलं क्षेत्र किती लांब पसरलंय ते मोजलं, की पदर एकमेकांना किती धरून आहेत ते कळलं," मामा म्हणाले.

माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचं मर्म हे आहे. क्षेत्र कसं शिरलं यावरून पदार्थ आतून कसा बांधला आहे ते वाचता येतं. ह्याच वाचनावर एक मोठा वाद निकालात निघाला, तो मी त्यांना सविस्तर सांगितला.

फिलिप अँडरसन हे १९७७ चे नोबेल मिळालेले भौतिकज्ञ. ह्या पदार्थांत अतिसंवाहकता इतक्या वरच्या तापमानाला का येते, याचं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उत्तर दिलं होतं. साध्या स्थितीत एकेकट्या इलेक्ट्रॉनला पदर ओलांडता येत नाही, तो आपल्या थरात कोंडलेला असतो. जोडी झाली की मात्र पदर ओलांडता येतो, आणि त्या मोकळेपणातून ऊर्जा वाचते. ती बचत हीच अतिसंवाहकतेची प्रेरणा, असं त्यांचं म्हणणं. कल्पना देखणी होती. चिरोट्याचा चिरोटेपणा हाच तिच्यात नायक होता. आणि तिचं मोठेपण हे की ती तपासता येत होती. बचत मोठी असेल तर जोड्या पदर जोरात ओलांडत असणार. जोरात ओलांडत असतील तर बाजूने शिरणारं क्षेत्र खोल जाणार नाही.

तपासायला थॅलियमचं एक संयुग निवडलं गेलं, कारण त्यात प्रवाही थर एकेकटा आहे आणि तरी अतिसंवाहकता वरच्या तापमानाला येते. अँडरसनच्या हिशेबाने त्यात बाजूची खोली सुमारे एक मायक्रॉन असायला हवी होती. कॅथरिन मोलर, जॉन कर्टली आणि सहकाऱ्यांनी स्फटिकाची कड समोर घेतली, पदरांना समांतर अगदी क्षीण क्षेत्र ठेवलं, आणि कडेच्या पृष्ठभागावरून अतिसंवाहक तारेचं एक चिमुकलं वेटोळं फिरवून क्षेत्राचं चित्र काढलं. चित्रात जोसेफसन भोवरे एकेक, सुटे दिसले. पदरांच्या दिशेने त्यांची पसरण मोजली. सुमारे २० मायक्रॉन. हा निबंध १९९८ मध्ये सायन्स नियतकालिकात आला. त्याच वर्षी प्रकाशाच्या परावर्तनावरून केलेल्या वेगळ्या मोजमापानेही त्याच सुमाराचा आकडा दिला.

"विसाला एक," मामा म्हणाले.

"लांबीत वीसपट. पण ऊर्जा लांबीच्या वर्गाच्या व्यस्तात जाते. म्हणजे जेवढी बचत हवी होती तिचा चारशेवा भाग."

"मग संपलं." मामांनी हात झटकले. बिल तपासणाऱ्या माणसाचा तो झटका होता. "पण मला सांग, ह्यातून मिळालं काय? एक खुलासा होता, तोही गेला. अतिसंवाहकता का येते ते अजून कळलेलं नाही ना?"

"सर्वांना मान्य होईल असं उत्तर अजून नाही. पण कुठे शोधायचं नाही ते कळलं. कारण पदरांच्या मधल्या जागेत नाही. थराच्या आतच शोधायला हवं. कुठला पत्रा जळाला ते कळायला तुम्ही सगळी कोअर सोडवायचात. इथे न सोडवता कळलं."

"कोअर सोडवल्यावर मी ती परत जोडून चालू करून द्यायचो," मामा म्हणाले. "शेतकऱ्याला पाणी मिळायचं."

इथे आमच्या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्या. मी शिरलेल्या क्षेत्राकडे साक्षीदार म्हणून बघते. मामा त्याच्याकडे बिघाड म्हणून बघतात, जो सापडला की दुरुस्त करायचा. मला वाटतं साक्ष नीट ऐकून घेतली नाही तर दुरुस्ती आंधळी होते. त्यांना वाटतं दुरुस्तीपर्यंत न पोचणारी साक्ष हा चैनीचा भाग आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम-सेलेनियमच्या पदरी संयुगावर अनेक वर्षं काम झालं आहे. तिथल्या गटाने २०१५ मध्ये अतिसूक्ष्म सुईने भोवरे एकेक करून बघितले आणि जाळीची शिस्त एकदम न मोडता दोन टप्प्यांत कशी मोडते ते दाखवलं. हे मी अभिमानाने सांगितलं. मामांनी विचारलं की हा पदार्थ किती तापमानाला चालतो. सात केल्विन. "म्हणजे हेलियम," एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. पदर समजल्यामुळे तारा खरोखर सुधारल्या. इट्रियमच्या संयुगात साटा पातळ आहे, पदर एकमेकांना जास्त घट्ट धरतात, म्हणून भोवरा धिरड्यांची सैल चळत न राहता दोऱ्यासारखा वागतो आणि खुंटीला बांधता येतो. त्यात परक्या ऑक्साइडांचे नॅनोमीटर आकाराचे कण मुद्दाम पेरतात. अशा फितीची वेटोळी आत बसवून फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये ३२ टेस्लाचं, पूर्ण अतिसंवाहक चुंबक उभं केलं. म्हणजे ३,२०,००० गॉस. ओन्नेसच्या स्वप्नाच्या तिप्पट. अर्थात ते हेलियममध्येच चालतं. आणि बिस्मथची फीत, जिच्यातली धिरडी नायट्रोजनमध्ये निसटतात, ती जिथे क्षेत्र थोडंच असतं तिथे उपयोगी पडते, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या केबलमध्ये. जर्मनीत एस्सेन शहराच्या मध्यवस्तीत २०१४ मध्ये अशी एक किलोमीटरची केबल टाकली. १० किलोव्होल्टवर ४० मेगावॉट.

हे आकडे ऐकल्यावर मामा उठून बसले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "दहा केव्हीला चाळीस मेगावॉट? आपल्याकडे एवढ्याला एकशे दहा केव्हीची लाइन आणि सबस्टेशनची जागा लागते."

"तिथेही ११० केव्हीच्याच केबलऐवजी टाकली. शहरात जागा वाचावी म्हणून."

"नायट्रोजनवर?"

"नायट्रोजनवर."

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पेपराचं कातरण अजून असेल ट्रंकेत कुठेतरी."

संध्याकाळी भांड्यात थोडा नायट्रोजन उरला होता. मामांना चकती परत बघायची होती, ह्या वेळी स्वतःच्या हाताने. पहिल्यांदा मी त्यांना पुठ्ठा न ठेवता करायला लावलं: चुंबक दूर, चकती एकटीच थंड केली, आणि मग चुंबक जवळ आणलं. चकतीने ते ढकललं, चुंबक बोटांतून बाजूला निसटू बघत होतं. दुसऱ्यांदा चुंबक आधी पुठ्ठ्यावर ठेवलं आणि मग थंड केलं. आता क्षेत्र थंड होतानाच आत अडकलं होतं. मामांनी चुंबक उचललं, चकती त्याच्या मागे वर आली. त्यांनी ती सावकाश फिरवली, तिरकी केली. अंतर तसंच राहिलं.

"म्हणजे पहिल्यांदा बाहेर, दुसऱ्यांदा आत," ते म्हणाले. "तुम्ही पोरांना पहिलंच तेवढं दाखवता."

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. नायट्रोजन तालुक्याच्या कृत्रिम रेतन केंद्रात बहुधा मिळतो. अशी एक चकती अनेक वर्षं पुरते, फक्त वापरल्यावर ती ओल लागू न देता कोरडी ठेवावी लागते. प्रयोग दोन्ही प्रकारे करा. एकदा चुंबक दूर ठेवून, एकदा चुंबकाखाली पुठ्ठा घालून. मग चकती लोंबकळत असतानाच मुलांना मामांचा प्रश्न विचारा, आणि ती गरम होऊन पडेपर्यंत त्यांना उत्तर सांगू नका.